कोऱ्या ठेवलेल्या चार ओळी

प्रिय कमळमावशी,

आधी बातमी. रविवारच्या कार्यक्रमाला परवानगी मिळाली. आज सकाळी वंदनानं पोलीस ठाण्याच्या आवारातूनच फोन करून ते पक्कं सांगितलं आणि पाठोपाठ कागदाचा फोटोही पाठवला. माझ्यासारख्या पेपरवाल्याला नुसतं तोंडी सांगून भागत नाही, हे तुझ्या लेकीला ठाऊक आहे. अंबडला कारखान्याच्या गेटासमोर, रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत, स्पीकर लावून तुझं गाणं म्हणता येईल. गाण्याचे शब्द लिहून द्यावे लागले. सगळी कडवी लिहिली आहेत. शेवटच्या चार ओळींच्या जागी नुसती टिंबं आहेत, आणि त्या टिंबांसकट शिक्का बसला आहे!

अशी काही बातमी आली की माझा पहिला फोन तुला जायचा. आजही बोटानं सवयीनं तुझं नाव काढलं. मग फोन खाली ठेवला आणि म्हटलं, लिहून टाकावं.

तुझ्यावरचा मृत्युलेख ऑफिसनं माझ्याकडूनच लिहून घेतला, हे तुला कुणी सांगितलं नसेल. मी तो वेळेत दिला. शाळेतली शिपायाची नोकरी, जयंतीच्या मंडपात सुरू झालेलं गाणं, मग मोर्चे, कलापथक, गावोगावची गेटं, सगळं त्यात आलं. ‘त्यांनी शेकडो कडवी रचली,’ असंही मी लिहिलं. ते वाक्य चूक होतं, हे मला परवा कळलं. ते पुढे येईलच.

तुझं पुण्यानुमोदन वस्तीतल्या विहारात झालं. माणसं किती ठिकाणांहून आली होती! सुरगाण्याकडच्या बाया आल्या होत्या, ज्यांनी तुझं गाणं पावरीच्या सुरावर गोल धरून नाचत म्हटलं होतं. सटाण्याहून दोघी आल्या होत्या. एक मला ठासून म्हणाली, “भाऊ, हाई आमनं गानं शे.” मालेगावचे युसूफचाचा आले होते, आता काठी घेऊन चालतात. दगडूअण्णा ढोलकी मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसले होते आणि वाजवत मात्र नव्हते.

वंदना तुझ्या फोटोशेजारी उभी राहिली आणि तिनं ध्रुवपद उचललं.

*तुझं तू सांग गं बाई, मी सूर धरते,*
*तुझं तू सांग.*

सगळा विहार म्हणायला लागला. एक कडवं, दुसरं, तिसरं. मग शेवटच्या कडव्याची वेळ आली आणि सगळ्यांनी, अगदी सगळ्यांनी, हात जोडून एका आवाजात विमान म्हटलं.

*डोईवरून विमान गेलं, गडगड करत गेलं गं,*
*डोईवरचं हंडा-कळशी तिथंच ठेवून गेलं गं.*

सुरगाण्याच्या बायांनी म्हटलं. सटाण्याच्या दोघींनी म्हटलं. युसूफचाचांनीसुद्धा म्हटलं. मावशी, मालेगावातला म्हातारा विणकर डोळे मिटून हंडा-कळशी म्हणत होता! ते कडवं ओझरच्या विमानतळापलीकडच्या त्या छोट्या वस्तीचं. दिवसभर डोक्यावरून विमानं जातात आणि नळ काही येत नाही, ही त्यांची तक्रार. तिथं म्हटलं आणि तिथंच ठेवून आलो, असं तू सांगायचीस. तुझा नियमच होता ना? गाण्याची बाकीची कडवी सगळीकडे सारखी. शेवटचं मात्र त्या त्या जागेचं. आधी बसून लोकांचं ऐकायचं, मग त्यांच्याच शब्दांत ते कडवं उभं करायचं, एकदा म्हणायचं आणि निघताना तिथंच सोडायचं. ओझरचं निफाडला नाही, निफाडचं सिन्नरला नाही.

वंदना त्या चार ओळींत गप्प उभी होती. बाकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. लोक रडत होते.

हे कसं झालं, ते तुला माहीत आहे. तुझ्या नातीनं, ईशानं, ओझरला तुझा व्हिडिओ काढला आणि टाकला. लाखो लोकांनी पाहिला. खाली तुझं नाव. तू तिच्यावर केवढी चिडलीस! मी तिथंच होतो, इंदिरानगरला, वंदनाच्या घरी, चहा घेत.

“ते कडवं ओझरवाल्यांचं हाय. त्यांना इचारलंस का?”

“आजी, तू व्हायरल झालीयेस!”

“मी कशाला होऊ? मला काय साथ आलीय का?”

आम्ही हसलो. तू हसली नाहीस. मला वाटलं, मोठेपणा नको म्हणून बोलतेस. मग ईशानं विषय बदलायला तुझ्याच गाण्याचं तिनं केलेलं रॅप ऐकवलं. तू ते पूर्ण ऐकलंस, मांडीवर बोटं वाजवत. आणि काय म्हणालीस? “लय चांगलं हाय. पण पोरी, ऐकणाऱ्यानं ‘हं’ कुठं म्हणायचं? तेवढी तरी जागा सोड.” ईशाला आधी राग आला. आता त्या रॅपमध्ये मध्येच ठेका नुसता वाजत राहतो, कुणी बोलत नाही. विचारलं तर म्हणते, “मामा, ती आजीची जागा आहे.”

बरं, पुढे ऐक.

विहारातल्या कार्यक्रमानंतर सविता नावाची एक बाई वंदनाकडे आली. अंबडच्या एका कारखान्यात ती औषधांची खोकी भरते. बरोबर दोघी होत्या. मी तिथं होतो. तिघीही सोफ्याच्या कडेला बसल्या, पाठ न टेकता. प्रकरण साधं आहे. दुसऱ्या पाळीच्या बायकांसाठी कारखान्याची बस असायची. ती बंद झाली. पाळी सुटल्यावर बायका अंधारातून हायवेपर्यंत चालत जातात. तिथून रिक्षा मिळाली तर मिळाली. अर्ज झाले, भेटी झाल्या, ‘बघू’ झालं. मागच्या आठवड्यात चालताना एकीच्या अंगावर कुणी तरी मोटारसायकल घातली. हात मोडला. आता बायका रविवारी गेटासमोर बसणार आहेत.

“ताई, कमळाबाई असत्या तर आल्याच असत्या,” सविता म्हणाली. “तुम्ही या. ते विमानाचं म्हणा. सगळ्यांना पाठ आहे, टाळ्या पडतात.”

वंदनानं विचारलं, “तुमच्याकडं विमान आहे का?”

“नाही हो ताई. आमच्याकडं बससुद्धा नाही.”

तिघी हसल्या. माझा हात खिशाकडे गेला. वंदना माझ्याकडे न बघता म्हणाली, “दादा, पेन आत.”

तुझीच लेक!

त्या गेल्यावर भांडण झालं. तुला कळायलाच हवं, म्हणून सांगतो. दगडूअण्णा म्हणाले, “विमानच म्हणू. लोकांना तेच पाहिजे. कमळाबाई गेल्या, आता गाणं तरी राहू दे. रोज नवीन करायला तुझी आई बसलीय का इथं?” वंदना म्हणाली, “अण्णा, त्या बायका बस मागतायत आणि आपण पाण्याचं म्हणायचं?” अण्णा म्हणाले, “मग कर नवीन. येतं तुला?”

वंदना कप उचलून आत गेली.

कारण तिला येत नव्हतं. तिनं ते कधी केलंच नव्हतं. खरं सांगू का? इथं मला तुझा राग आला. इतकी वर्षं ती तुझ्याबरोबर हिंडली. वर्गात चाळीस पोरांना एका आवाजात गप्प करणारी ही मास्तरीण, आणि तुझ्या पथकात कायम झीलकरी! तू पुढे, ती मागे उभी राहून ध्रुवपद उचलणार. एकदाही तिला पुढे घेतलं नाहीस. दम लागायला लागला, कडवं म्हणताना अर्ध्यात थांबायचीस, पाणी प्यायचीस, तेव्हाही नाही. निदान तेव्हा तरी शिकवायचं ना तिला?

मी अण्णांच्या बाजूनं बोललो, हेही सांगतो. मला पटलं होतं त्यांचं. गाणं टिकायचं तर त्याचे शब्द कुठे तरी ठरावे लागतात. आणि रविवार एकच आहे. वंदना फसली, ओळी जमल्या नाहीत, तर गेटाच्या आतली माणसं हसतील, आणि पुढच्या वेळी या बायका बसायलाच येणार नाहीत. मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “माहीत आहे दादा. म्हणून तर झोप नाही.”

तरी तिनं टिंबंच लिहिली. ठाण्यात मी बरोबर गेलो होतो. साहेबांनी चष्मा लावून सगळं गाणं वाचलं, मान हलवली, शेवटी आले आणि थांबले.

“हे काय? छपाई राहिली का?”

“नाही साहेब. ती जागा मोकळीच असते. तिथं बसलेल्या बायका काय सांगतील त्यावर ठरतं.”

“मॅडम, रिकाम्या जागेला मी परवानगी कशी देऊ? उद्या काहीही म्हणाल.”

“बसबद्दल म्हणू.”

“शिव्या?”

“आईनं कधी दिल्या नाहीत. टोमणा असेल.”

कोपऱ्यात टायपिंग करणारा हवालदार मान वर न करता म्हणाला, “साहेब, टोमण्याला कलम नाही.”

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तुमच्या आईंचं ते विमानाचं ऐकलंय मी. आमच्या बंदोबस्तातल्या पोरांच्या मोबाईलवर असतं. तेच लिहा की. मी आत्ता सही करतो.”

मावशी, सही समोर होती. पेन साहेबांच्या हातात होतं. मी वंदनाकडे पाहिलं. ती म्हणाली, “ते ओझरचं आहे साहेब. आमचं नाही.”

“मग परवा बघू,” म्हणून त्यांनी कागद ठेवून घेतला.

त्याच संध्याकाळी तिनं मला फोन केला. आवाज पडलेला. “दादा, तुला रोज लिहायची सवय आहे. तूच चार ओळी करून दे ना. हाताशी असू देत.” मी दिल्या. मला वेळ दिली की माझ्याकडून काम होतं, इतकंच मला येतं. पहिल्या पानाची गडबड संपायच्या आत ओळी तयार. बस, रस्ता, अंधार, न्याय, यमक चोख. फोनवर म्हणून दाखवल्या.

“कशा आहेत?”

“चांगल्या आहेत. अग्रलेखासारख्या.”

माझं हसू थांबेना. तीही हसली. आणि मग, हसता हसताच, तिनं मला मालेगावचं सांगितलं. मी तिथं नव्हतो. तू मला एवढंच सांगितलं होतंस की मालेगावला झकास झालं, चहा फार गोड होता.

वंदना म्हणाली, त्या दिवशी दुपारभर तुम्ही लूमच्या शेडबाहेर बसला होतात. माग सारखे चालू. अण्णांनी ढोलकी लावली तर कुणी डोलेना. तेव्हा युसूफचाचा म्हणाले, “बाई, ढोलकी तुम्हारी अच्छी है, मगर हमारा कान तो लूम का आदी है.” आणि त्यांनी टेबलावर हातानं मागाचा ठेका धरला. बाकीच्यांनी टाळ्या सुरू केल्या, कव्वालीला धरतात तशा. चाचा मघाशी तक्रार सांगत होते, लाईट जाते, माग थांबतो, माणूस थांबत नाही, असं काही तरी. तू त्यांना म्हणालीस, “चाचा, ते मघाचं परत बोला.” ते बोलले. “आणखी एकदा.” ते बोलले. तिसऱ्यांदा बोलताना ते गायला लागले होते, त्यांनाच कळलं नाही. आणि तू मागे सरलीस, वंदनाच्या शेजारी उभी राहिलीस आणि झील धरलीस.

“दादा,” वंदना म्हणाली, “आई कडवं करायचीच नाही. कधीच नाही. ओझरचंही तिचं नाही. एक सून होती, हंडा घेऊन उभी. विमान गेलं तशी ती वर बघून बोलली. आई म्हणाली, ‘बाई, परत बोल.’ मी शेजारीच होते. प्रत्येक वेळी शेजारीच होते. मी तिची झील धरायचे आणि ती लोकांची धरायची.”

मावशी, मग तू चिडलीस ती उगाच नव्हे! व्हिडिओखाली तुझं नाव होतं आणि ओळी त्या सुनेच्या होत्या. आणि तुझ्या लेकीला तू शिकवलं नाहीस म्हणून मी रागावलो होतो. तू तिला बरोबर त्याच जागी उभं केलं होतंस, जिथून ते काम होतं.

पण मग एक विचारू? हे सांगायचं का नाहीस? मला नाही तर नाही, मी पेपरवाला. पण वंदनाला? तिला स्वतःच उमगायला तुला जावं लागलं. अण्णा इतकी वर्षं शेजारी वाजवत होते, त्यांनाही वाटायचं की ओळी तू आतल्या आत जुळवतेस. काल त्यांना सांगितलं तर म्हणाले, “काय सांगती! मला वाटायचं, कमळाबाई ऐकायचं नुसतं नाटक करतात.” मग बराच वेळ ढोलकीची दोरी ओढत बसले.

मी युसूफचाचांना फोन करून विचारलं, तुमचं कडवं आठवतं का? ते म्हणाले, “बाई बोली थी, यहीं छोड़ के जाती हूँ. होगा यहीं कहीं.” मग जरा थांबून हसले आणि म्हणाले, “लाईट जाएगी तो याद आएगा.” सगळी कडवी गोळा करून छापावीत असं माझ्या मनात होतं. ते मी सोडून दिलं आहे. चाचांचं त्यांच्याकडेच बरं आहे.

आता रविवारचं.

बायका सकाळी जमतील. सतरंज्या सविता आणणार आहे, चहा ईशाकडे. ईशा मोबाईल आणणार आहे, पण व्हिडिओ काढायचा नाही असं तिनंच ठरवलं, कुणी न सांगता. आधी गाणं होणार नाही. आधी सगळ्या बसून बोलतील, अंधाराचं, हायवेचं, मोडलेल्या हाताचं. वंदना ऐकेल. मग ध्रुवपद, मग ठरलेली कडवी, आणि मग ती थांबून सविताला म्हणेल, त्या दिवशी माझ्या घरी बोललात ते विमानाचं आणि बसचं परत बोला.

सविता बोलेल का? कुणाला माहीत नाही. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती पाठ करून येईल. गेटासमोर, स्पीकरवर, वरिष्ठ खिडकीतून बघत असताना तिचं तोंड बंद होऊ शकतं. अण्णांनी विमान तयार ठेवलं आहे, अगदीच काही झालं नाही तर. वंदनानं त्यांना बजावलं आहे, “अण्णा, ठेका सोडायचा नाही आणि विमान काढायचं नाही. कितीही वेळ लागू दे.” अण्णा म्हणाले, “हात दुखला तर?” ती म्हणाली, “तर टाळ्या वाजवू.”

मी तुला एक शब्द देतो, मावशी. बस परत मिळेल असं काही लिहून देत नाही, ते माझ्या हातात नाही. पण मी तिथं असेन, पत्रकारांच्या खुर्चीवर नाही, मागे वंदनाच्या रांगेत. माझा आवाज कसा आहे ते तुला माहीत आहे, तरी झील धरेन. सोमवारच्या अंकात बसची बातमी येईल, सविस्तर, कारखान्याची बाजूही विचारून. त्या चार ओळी छापल्या जाणार नाहीत. त्या अंबडच्या गेटावर राहतील. आणि तुझ्या मृत्युलेखातल्या त्या वाक्याची दुरुस्ती मी आजच पानावर लावली आहे. ‘रचली’च्या जागी ‘ऐकली’ केलं आहे.

सविता बोलेपर्यंत आम्ही सूर धरून उभे राहू.

तुझा भाचा,
सुनील
नाशिक